शोशिन: कोऱ्या पाटीआधीचा संकल्प

'शोशिन' हा जपानी शब्द आता ध्यानवर्गांपासून व्यवस्थापनाच्या कार्यशाळांपर्यंत पोहोचला आहे. त्याचा अर्थ साधारणपणे असा सांगतात: मनाची पाटी कोरी करा, जमवलेले ज्ञान बाजूला ठेवा आणि नवशिक्याच्या नजरेने पाहा. सल्ला वाईट नाही, पण या शब्दाच्या घराण्यातला हा सर्वांत धाकटा अर्थ आहे आणि तोही अर्धाच. शोशिनच्या मुळाशी दोन गोष्टी जोडीने उभ्या आहेत. एक म्हणजे केलेला संकल्प आणि दुसरी म्हणजे तो कसा पार पाडायचा हे ठाऊक नसल्याची कबुली. यांतली एक गळाली की शब्दाचा जीव जातो.

शोशिन दोन चिनी अक्षरांनी लिहितात आणि चिनी लोक तीच अक्षरे 'छूशिन' अशी वाचतात. पहिल्या अक्षरात वस्त्र आणि सुरी यांची चिन्हे आहेत. इसवी सन 100च्या सुमारास शू शेन याने रचलेल्या 'श्वोवन' या कोशात त्याची फोड दिली आहे ती अशी: कापड बेतायला घेणे, म्हणजे आरंभ. कापडाला सुरी लावणाऱ्यापुढे वस्त्राची कल्पना आधीच असते, त्यामुळे हा आरंभ रिकाम्या डोक्याचा नाही. दुसरे अक्षर 'शिन' म्हणजे हृदय आणि मन. संस्कृत 'चित्त' चिनीत नेताना भाषांतरकारांनी हेच अक्षर निवडले. महायान बौद्ध ग्रंथांत 'प्रथमचित्तोत्पाद' ही संज्ञा येते. सर्व जीवांसाठी बोधी मिळवीन, हा निश्चय चित्तात पहिल्यांदा उगवतो तो क्षण म्हणजे प्रथमचित्तोत्पाद. बुद्धभद्र या भारतीय भिक्षूने सुमारे 418 ते 420 या काळात आजच्या नानजिंगमध्ये अवतंसकसूत्राचे चिनी भाषांतर केले. त्यात या पहिल्या चित्ताचे गुण गाणारे एक स्वतंत्र प्रकरण आहे. थांग काळातला कवी पाय च्यू-यी (772–846) याने मैत्रेय बुद्धाच्या एका चित्राविषयी लिहिताना छूशिन विसरू नये असे म्हटले, तेव्हा त्याच्याही मनात आरंभीचा संकल्पच होता.

जोडीतली दुसरी बाजू अवतंसकाच्या शेवटच्या, सर्वांत मोठ्या भागात दिसते. तो भाग संस्कृतात 'गंडव्यूह' या नावाने टिकून आहे. सुधन नावाचा श्रेष्ठीपुत्र एकामागून एक अशा पन्नासहून अधिक कल्याणमित्रांकडे, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या गुरूंकडे, जातो. त्यांत भिक्षू आहेत, राजा आहे, नावाडी, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आणि वसुमित्रा ही गणिका आहे, वाळूत खेळणारा मुलगासुद्धा आहे. जवळजवळ प्रत्येक दारात सुधनाचे बोलणे एकच असते: मी बोधिचित्त, म्हणजे बोधीचा तो निश्चय, उत्पन्न केले आहे, पण बोधिसत्त्वाने कसे आचरण करावे हे मला कळत नाही. उत्तर देणाराही आपल्याला उमगले तेवढेच सांगतो आणि पुढच्या गुरूचा पत्ता देतो. संकल्प नसता तर सुधन घरातून निघालाच नसता. 'कळत नाही' हे म्हणता आले नसते तर तो पहिल्याच दारात थांबला असता.

जपानमध्ये ही जोडी दोन दिशांनी वाढली. सोतो झेन पंथाचा प्रवर्तक दोगेन (1200–1253) याने 1231 सालच्या 'बेन्दोवा' या लेखात सांगितले की नवशिक्याच्या साधनेतच मूळची बोधी पूर्णपणे असते. आरंभ ही ओलांडून टाकायची पायरी नव्हे, असा याचा अर्थ. नो नाट्याचा आचार्य झेआमी याने 1424 मध्ये 'काक्यो' या ग्रंथात शोशिन रंगमंचावर आणले. त्याच्या मते शोशिन तीन प्रकारचे: तरुणपणीचे, प्रत्येक टप्प्यावरचे आणि म्हातारपणीचे. नटाने आपले पहिले कच्चेपण विसरू नये, कारण ते विसरला तर आपण किती पुढे आलो हे मोजायला माप उरत नाही. वार्धक्यातही त्या वयाला साजेसा अभिनय नव्यानेच शिकावा लागतो. झेआमीला कोरी पाटी नको होती. पाटीवरची पहिली वेडीवाकडी अक्षरे जपून ठेवा, असे तो शिकवत होता.

यावर कोणी म्हणेल, शब्दाचा अर्थ वापराने ठरतो, मुळाने नव्हे. हे मान्यच करावे लागेल. आजच्या जपानीत 'शोशिन्शा' म्हणजे साधा नवशिक्या. 1972 पासून नव्या वाहनचालकाच्या गाडीवर लागणारी हिरवी-पिवळी खूणही याच शब्दाने ओळखली जाते आणि त्यात काही चूक नाही. पण शोशिन ही बौद्ध साधना आहे असे सांगून जो ती शिकवतो, तो स्वतःच मुळाचा दाखला देतो. मग ते मूळ काय म्हणते, हे त्याला विचारायला हवे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: 1970 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'झेन माइंड, बिगिनर्स माइंड' या पुस्तकात शुनऱ्यू सुझुकी यांनीच रिकाम्या, तयार मनाचे वर्णन केले आहे. केले आहे खरे. पण सुझुकी दोगेनच्याच परंपरेतले भिक्षू होते. त्या मोकळेपणाला त्यांनी करुणेची जोड दिली होती आणि ते नियमाने ध्यानाला बसणाऱ्यांशी बोलत होते. शाळेत येऊन बसलेल्यांना त्यांनी पाटी पुसायला सांगितली. आज तोच सल्ला शाळेचा रस्ताही न धरलेल्यांना दिला जातो.

तिसरा आक्षेप असा, की संकल्पावर एवढा भर दिला तर त्याचा हट्ट होईल. ही भीती खरी आहे. 2017 मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या एकोणिसाव्या अधिवेशनात 'छूशिन विसरू नका' ही घोषणा दुमदुमली. तिथे संकल्प उरला आणि 'मला कळत नाही' गळाले. कार्यशाळांत नेमके उलटे झाले. दोन्हीकडे शब्द अर्धाच राहिला, म्हणून उपाय संकल्प सोडण्यात नाही, सुधनाची दोन्ही वाक्ये एका दमात म्हणण्यात आहे. मराठी वाचकाला ती दुरून आणावी लागत नाहीत. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या संशोधित आवृत्तीचे काम पाहणारे परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी गंडव्यूहाचे संपादन केले आणि 1960 मध्ये दरभंग्याच्या मिथिला संस्थेने ते नागरी लिपीत छापले. शोशिन शिकू पाहणाऱ्याने आधी ते उघडावे.