संमती, लैंगिक अपराधांच्या विधीतील
शरीरसंबंधास व्यक्तीने कोणत्याही दडपणावाचून, समजून-उमजून दिलेली अनुमती म्हणजे संमती होय. लैंगिक अपराधांच्या विधीत या संज्ञेला मध्यवर्ती स्थान आहे. कारण एकच कृती संमती असल्यास निरपराध ठरते व नसल्यास गंभीर अपराध ठरतो. संमती व निमूट सोसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तत्त्व सांगण्यास सोपे असले, तरी संमती होती किंवा नव्हती हे न्यायालयाने कशावरून ओळखावे, हा प्रश्न भारतात दीडशे वर्षांहून अधिक काळ वादाचा ठरला आहे. या काळातील बहुतेक भागात विधीने उत्तर शोधले ते स्त्रीच्या शब्दात नव्हे, तर तिच्या वयात, तिच्या अंगावरील जखमांत आणि तिच्या पूर्वायुष्यात.

१८६० ची भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आली. तिच्या कलम ३७५ मध्ये बलात्काराची व्याख्या होती. स्त्रीच्या इच्छेविरुद्ध, तिच्या संमतीवाचून, मृत्यूची वा दुखापतीची भीती घालून मिळविलेल्या संमतीने, किंवा आपण तिचे पती आहोत असा तिचा गैरसमज असू देऊन केलेला संभोग हा बलात्कार मानला गेला. दहा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत संमतीचा प्रश्नच उद्भवत नसे. मात्र याच कलमाच्या अपवादानुसार दहा वर्षे पूर्ण झालेल्या पत्नीशी पतीने केलेला संभोग बलात्कार ठरत नसे. कलम ९० मध्ये भीतीपोटी, वस्तुस्थितीच्या गैरसमजापोटी, नशेत वा मनोविकल अवस्थेत दिलेली संमती ही संमती नव्हे, असे सर्वसाधारण तत्त्व सांगितले होते. व्याख्या त्या काळाच्या मानाने काटेकोर होती. परंतु विवाहित मुलीपुरता सारा भार दहा या एका आकड्यावर पडला आणि पुढील वादळ त्या आकड्याभोवतीच उठले.

त्या वादाला तोंड फुटले मुंबईत. पारशी पत्रकार व समाजसुधारक बेहरामजी मलबारी (१८५३–१९१२) यांनी १८८४ मध्ये बालविवाह व लादलेले वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध केली आणि सरकारपुढे प्रश्न मांडला. याच सुमारास रखमाबाईंचा (१८६४–१९५५) खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रखमाबाई माहेरीच राहिल्या होत्या. पती दादाजी भिकाजी यांनी वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. १८८६ मध्ये अपिलात तो निकाल फिरला आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जावे किंवा सहा महिने कारावास भोगावा, असा आदेश दिला. रखमाबाईंनी कारावासाची तयारी दर्शविली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली व पुढे त्या इंग्लंडमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या. दावा दिवाणी स्वरूपाचा होता. त्यात बलात्काराचा आरोप नव्हता. तरीही न कळत्या वयात दुसऱ्यांनी लावून दिलेला विवाह म्हणजे मुलीची संमती मानावी काय, हा प्रश्न न्यायालयात इतक्या उघडपणे प्रथमच आला. रखमाबाईंनी तो ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियात लिहिलेल्या पत्रांतूनही मांडला होता.

१८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा वर्षे ओलांडलेली मुलगी पतीच्या बळजबरीने झालेल्या रक्तस्रावाने मरण पावली. वय दहाहून अधिक असल्याने पतीवर बलात्काराचा आरोपच ठेवता येईना. निष्काळजी कृत्याने जबर दुखापत केल्याबद्दल त्याला बारा महिने सक्तमजुरी झाली. या घटनेने दंड संहितेतील उणीव उघडी पडली. ९ जानेवारी १८९१ रोजी विधी सदस्य सर अँड्र्यू स्कोबल यांनी संमतिवय दहावरून बारावर नेणारे विधेयक मांडले आणि १९ मार्च १८९१ रोजी ते संमत झाले. विवाहित व अविवाहित असा भेद त्यात नव्हता.

महाराष्ट्रात या विधेयकावरून समाज दुभंगला. लोकमान्य टिळकांनी (१८५६–१९२०) केसरीतून त्यास कडवा विरोध केला. परकीय सरकारला धर्माच्या व कुटुंबाच्या बाबींत हात घालण्याचा अधिकार नाही, सुधारणा हवी असणाऱ्यांनी प्रथम स्वतःवर बंधन घालून घ्यावे, अशी त्यांची भूमिका होती. ऋतुप्राप्तीनंतर लगेच गर्भाधान संस्कार व्हावा ही शास्त्राज्ञा असून नवा विधी तिला बाध आणील, हा विरोधकांचा मुख्य मुद्दा होता. रा. गो. भांडारकर (१८३७–१९२५) यांनी धर्मशास्त्रग्रंथांच्या आधारे टिपण लिहून तो खोडून काढला. काशिनाथ त्र्यंबक तेलंग (१८५०–९३) व न्यायमूर्ती रानडे यांनीही विधेयकाची बाजू घेतली. वाद विद्वत्तेच्या दृष्टीने उच्च कोटीचा झाला. पण तो झाला शास्त्र, सरकार आणि पतीचा अधिकार यांविषयी. मुलीची इच्छा हा विषय त्यात क्वचितच आला. ‘संमतिवय’ या शब्दात संमती होती, चर्चेत मात्र केवळ वय होते.

१८९१ च्या अधिनियमाखाली फारसे खटले झाले नाहीत. १९२५ मध्ये संमतिवय विवाहबाह्य संबंधांत चौदा व विवाहांतर्गत संबंधांत तेरा करण्यात आले. सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीला (१९२८–२९) हा विधी लोकांना ठाऊकच नसल्याचे आढळले. तिने ही मर्यादा अनुक्रमे अठरा व पंधरा करण्याची शिफारस केली. १९२९ च्या सारडा अधिनियमाने मुलींचे विवाहवय चौदा ठरविले. १९४९ मध्ये संमतिवय सोळा व पत्नीच्या बाबतीत पंधरा झाले आणि तेथेच ते दीर्घकाळ स्थिरावले.

वयाची मर्यादा ओलांडलेल्या स्त्रीच्या संमतीचा प्रश्न स्वातंत्र्यानंतर ऐरणीवर आला, तो पुन्हा महाराष्ट्रातील एका खटल्यामुळे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील (१९८२ पासून गडचिरोली जिल्हा) देसाईगंज पोलीस ठाण्यात चौदा ते सोळा वर्षे वयाच्या एका आदिवासी मजूर मुलीला जबाब झाल्यावर थांबवून घेण्यात आले. तिचे नातलग बाहेर उभे असताना एका पोलीस शिपायाने तिच्यावर बलात्कार केला व दुसऱ्याने तिचा विनयभंग केला, अशी फिर्याद होती. हे प्रकरण मथुरा खटला म्हणून ओळखले जाते. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये मुलीला शरीरसंबंधांची सवय होती असे म्हणून आरोपींना सोडले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला. भीतीने वा धाकाने आलेली असहाय शरणागती म्हणजे इच्छा नव्हे, आणि अनोळखी पोलिसांच्या ताब्यातील मुलगी स्वतः पुढाकार घेईल हे संभवत नाही, असे या न्यायालयाने म्हटले. परंतु तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोघांनाही निर्दोष ठरविले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचा पुरावा नाही, आणि मृत्यूची वा दुखापतीची भीती शाबीत झालेली नाही, यांवर त्या निकालाची भिस्त होती. प्रतिकाराची खूण नाही म्हणून संमती होती, असा हा युक्तिवाद होय. पोलीस ठाण्याच्या बंद दाराआड एका मजूर मुलीने कोणाला हाक मारावी, याचा विचार त्यात नव्हता.

१६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या विधीच्या चार अध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. या प्रकरणात शाबीत झाली आहे ती शरणागती, संमती नव्हे, आणि मुलीच्या पूर्वीच्या संबंधांचा या रात्रीशी काहीही संबंध नाही, असे त्यांनी दाखवून दिले. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर अध्यापकांनी इतक्या स्पष्ट शब्दांत जाहीर आक्षेप घेणे ही त्या वेळी असाधारण गोष्ट होती. १९८० मध्ये मुंबईसह अनेक शहरांत स्त्री-संघटनांनी निदर्शने केली. विधी आयोगाच्या ८४ व्या अहवालानंतर (१९८०) दंडविधी सुधारणा अधिनियम, १९८३ संमत झाला. पोलीस, लोकसेवक, कारागृह व रुग्णालयातील अधिकारी यांनी ताब्यातील स्त्रीवर केलेल्या बलात्कारास अधिक कठोर शिक्षा ठरविण्यात आली. पुरावा अधिनियमात कलम ११४-अ आले. अशा प्रकरणी संभोग सिद्ध झाला आणि आपली संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर ती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावयाचे असते. बंद दाराआड सुनावणी व पीडितेचे नाव प्रसिद्ध करण्यास बंदी या तरतुदीही तेव्हाच्याच. देसाईगंज प्रकरणातील निकाल मात्र बदलला नाही.

स्त्रीच्या चारित्र्यावर उलटतपासणी करण्याची मुभा देणारा पुरावा अधिनियमातील खंड २००२ च्या सुधारणा-अधिनियमाने वगळण्यात आला. वैद्यकीय तपासणीतील ‘दोन बोटांची चाचणी’ अशास्त्रीय व स्त्रीच्या प्रतिष्ठेस बाधक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. तरी ती चालूच राहिल्याने २०२२ मध्ये ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे बजावावे लागले.

बलात्काराहून सौम्य मानलेल्या कृत्यांचा विचार दंड संहिता ‘विनयभंग’ या कल्पनेने करीत असे (कलमे ३५४ व ५०९). या कल्पनेत मोजमाप होते स्त्रीच्या लज्जेचे, इच्छेचे नव्हे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाला तर स्वतंत्र नावही नव्हते. १९९२ मध्ये राजस्थानातील भटेरी गावी बालविवाह रोखू पाहणाऱ्या एका साथिनीवर, म्हणजे शासनाच्या महिला विकास योजनेतील कार्यकर्तीवर, सामूहिक बलात्कार झाल्याची फिर्याद झाली. १८९१ च्या वादाचा विषय शंभर वर्षांनंतरही असा जिवंत होता. त्यातून उद्भवलेल्या विशाखा विरुद्ध राजस्थान राज्य (१९९७) या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांच्या पत्रावरून चाललेल्या प्रकरणात २०१२ मध्ये त्यांच्या अंमलबजावणीसाठी आदेश निघाले. २०१३ च्या अधिनियमान्वये दहा वा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती सक्तीची झाली. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांत करावी लागते. समितीस कारणे पटल्यास ही मुदत आणखी तीन महिने वाढते. घरकामगार स्त्रियांचाही त्यात समावेश असून त्यांच्यासाठी जिल्हावार स्थानिक समितीची तरतूद आहे.

दिल्लीतील १६ डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालाच्या आधारे दंड संहितेत सुधारणा झाली आणि या कलमात संमतीची व्याख्या प्रथमच अवतरली. शब्दांनी, हावभावांनी वा अन्य प्रकारे विशिष्ट कृत्यास दर्शविलेली निःसंदिग्ध व स्वेच्छेची तयारी म्हणजे संमती. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून ती दिली असे मानता येत नाही. एका कृत्यास दिलेली संमती दुसऱ्यास लागू पडत नाही, हेही ‘विशिष्ट’ या शब्दावरून निघते. १९७८ च्या निकालाचे तर्कशास्त्र या व्याख्येने मोडीत निघाले. लैंगिक छळ, चोरून पाहणे व पाठलाग हे स्वतंत्र अपराध झाले. संमतिवय २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार-प्रतिबंधक अधिनियमाने व या सुधारणेने अठरा झाले. त्यामुळे सोळा ते अठरा वयातील परस्परसंमतीचे संबंधही अपराध ठरू लागले. हे वय कमी करू नये, परंतु अशा प्रकरणी न्यायालयांना शिक्षेबाबत विवेकाधिकार असावा, असे विधी आयोगाने २०२३ मध्ये सुचविले. विवाहाचे वचन पाळले गेले नाही एवढ्याने आधीची संमती रद्द होत नाही. वचन मुळातच खोटे असले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. संमतीची व्याख्या तिच्या कलम ६३ मध्ये जशीच्या तशी आली असून विवाहाच्या फसव्या वचनाने ठेवलेल्या संबंधांसाठी कलम ६९ नवे आहे. पतीसाठीचा १८६० चा अपवाद वर्मा समितीने काढून टाकण्याची शिफारस केली होती, ती स्वीकारली गेली नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील पत्नीची वयोमर्यादा पंधराऐवजी अठरा अशी वाचली आणि नव्या संहितेने तीच कायम केली. अठरा वर्षांवरील पत्नीच्या संमतीबाबत दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी २०२२ मध्ये परस्परविरुद्ध निकाल दिले.