कार्लाइलचा १९१२चा हंगाम : नियम, विजय आणि न्याय

आजचा विषय फुटबॉल आहे म्हटल्यावर काहींना नवल वाटलं असेल. तत्त्वज्ञानाच्या माणसाने या मैदानात कशाला उतरावं? कारण सांगतो. एका संघाच्या एका हंगामाच्या निमित्ताने एक जुना प्रश्न मला तपासायचा आहे : नियम सर्वांना सारखे असले, म्हणजे न्याय झाला का?

संघ कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूलचा, साल १९१२, ठिकाण अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया राज्य. आणि फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. लंबगोल चेंडू छातीशी धरून, अंगावर येणाऱ्यांना चुकवत किंवा धडका देत, प्रतिपक्षाच्या हद्दीपलीकडे न्यायचा, असा धसमुसळा खेळ.

आधी ही शाळा काय होती ते पाहू. रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ साली ती लष्कराच्या जुन्या बराकींत काढली. मूळ अमेरिकन जमातींची मुलं घरापासून शेकडो मैल दूर आणायची, त्यांचे केस कापायचे, नावं बदलायची, मातृभाषा बोलू द्यायची नाही, ही तिथली रीत. मुलातला ‘इंडियन’ संपवला तरच त्याच्यातला माणूस वाचेल, ही प्रॅट यांची धारणा. याला ते सुधारणा म्हणत. पण ही सुधारणा समोरच्याला तो आहे तसा माणूस मानायलाच तयार नव्हती, हे लक्षात घ्या.

खरं तर हे कॉलेजही नव्हतं. सुतारकाम, लोहारकाम शिकवणारी ही निवासी शाळा. तरी तिचा संघ हार्वर्डसारख्या विद्यापीठांशी खेळे. बहुतेक सामने परगावी, कारण तिकिटांचं उत्पन्न तिथे. त्या पैशांवर प्रशिक्षक ग्लेन ‘पॉप’ वॉर्नर यांचा मोठा ताबा असे.

खेळही तेव्हा बदलत होता. खेळ इतका हिंसक झाला होता की १९०५ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. १९०६पासून चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. १९१२ साली दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले आणि टचडाउनचे गुण पाचाचे सहा झाले. नुसत्या वजनाचा जोर कमी झाला. वेगाला आणि डोक्याला किंमत आली. कार्लाइलची मुलं अंगाने हलकी होती, पण चपळ. नव्या नियमांत काय काय करता येतं हे त्यांनी इतरांआधी ओळखलं.

त्या हंगामात संघात जिम थॉर्प होता. सॅक अँड फॉक्स जमातीचा हा तरुण उन्हाळ्यातच स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं जिंकून आला होता. शिवाय गस वेल्श होता, जो गायॉन होता. बारा विजय, एक बरोबरी, एक हार, असा त्यांचा हिशेब.

९ नोव्हेंबरला सामना होता वेस्ट पॉइंटला, लष्करी अकादमीच्या संघाशी. उद्याचे सेनाधिकारी एका बाजूला. दुसऱ्या बाजूला त्या सेनेने ज्यांच्याशी युद्धं केली त्या लोकांची मुलं. वुंडेड नीचं हत्याकांड होऊन जेमतेम बावीस वर्षं झाली होती. अकादमीच्या संघात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक छात्र होता, पुढे तो राष्ट्राध्यक्ष झाला. मध्यंतराला ७-६, म्हणजे कुणीही जिंकावं अशी स्थिती. मग कार्लाइलने सामना ताब्यात घेतला. गायॉनवर राग काढणाऱ्या अकादमीच्या कर्णधाराला पंचांनी बाहेर काढलं. शेवट २७-६. आठवडाभराने हाच संघ पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून ३४-२६ असा हरला. चमत्कार नव्हता तो. चांगला, कष्टाळू संघ होता.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. मैदानावर रेषा सर्वांना सारखी होती, पंच दोघांनाही शिट्टी वाजवत होता. तिथे ही मुलं जिंकली. मैदानाबाहेर काय? सर्व मूळ अमेरिकनांना नागरिकत्व मिळायला १९२४ उजाडलं. आणि नियमाचा दुसरा चेहरा बघा. जानेवारी १९१३मध्ये उघड झालं की थॉर्प पूर्वी थोड्या पैशांसाठी बेसबॉल खेळला होता. हौशीपणाचा नियम मोडला म्हणून पदकं गेली. वास्तविक त्या ऑलिंपिकच्या नियमांप्रमाणे हरकत घेण्याची तीस दिवसांची मुदत केव्हाच उलटली होती. म्हणजे एक नियम त्याच्यावर काटेकोर लावला, आणि त्याला वाचवणारा दुसरा नियम कुणाला आठवला नाही! पदकं परत द्यायचं ठरलं ते १९८२ साली. तो जाऊन तेव्हा एकोणतीस वर्षं झाली होती. एकमेव विजेता म्हणून त्याची नोंद २०२२ साली झाली.

म्हणून मला वाटतं, सारखा नियम ही न्यायाची सुरुवात आहे, न्याय नव्हे. तो नियम कोण लावतो, कुणाला कधी आठवतो, आणि ज्याच्यावर लावायचा त्याला बोलू देतात का, हे त्याइतकंच महत्त्वाचं. कार्लाइलची मुलं पुढे बोलली. वेल्शच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांनी अर्ज केला, १९१४ साली संसदेच्या समितीने शाळेची चौकशी केली आणि वॉर्नर यांची सद्दी संपली. माझ्या लेखी हा विजय २७-६ पेक्षा लहान नाही.

१९१८ साली शाळा बंद झाली. आज त्या जागी अमेरिकेचं आर्मी वॉर कॉलेज आहे. तिथल्या स्मशानात शाळेत मेलेल्या मुलांची थडगी आहेत. २०१७पासून काहींचे अवशेष त्यांच्या जमाती घरी नेत आहेत. हंगामाच्या हिशेबात ही मुलं कुठेच नाहीत. पण कार्लाइलचा इतिहास सांगताना त्यांना वगळून चालणार नाही.