माणूस जिंकला कीं सायकल?

एका तासांत माणूस सायकलवरून किती दूर जाऊं शकेल, हा प्रश्न दिसावयास अगदीं साधा आहे. एक धांवपट्टी, एक घड्याळ आणि एक स्वार, एवढीं साधनें जमलीं कीं उत्तर मिळावयास हरकत नाहीं. परंतु सवाशें वर्षांहून अधिक काळ या प्रश्नाच्या उत्तरापेक्षां त्याच्या अर्थावरच अधिक वाद झाले आहेत. कारण ‘सायकल’ कशाला म्हणावयाचें, हेंच मुळीं निश्चित नव्हतें. श्रोतेहो, त्या व्याख्येचाच इतिहास आज आपणांस थोडक्यांत सांगावयाचा आहे.

1893 सालीं पॅरिसच्या बफेलो धांवपट्टीवर आंरी देग्रांज नांवाच्या तरुणानें तासाभरांत 35.325 किलोमीटर अंतर कापलें. पुढें 1903 सालीं ‘टूर द फ्रान्स’ ही प्रसिद्ध शर्यत सुरू करणारा तो हाच गृहस्थ. 1900 सालीं आंतरराष्ट्रीय सायकल संघाची स्थापना झाली आणि नियम करण्याचा अधिकार त्या संघाकडे आला. 1914 सालीं स्वित्झर्लंडच्या ऑस्कार एगनें तासाचा विक्रम 44.247 किलोमीटरांवर नेऊन ठेविला.

आतां या खेळाचें मर्म लक्षांत घेतलें पाहिजे. सपाट भूमीवर वेगानें जाणाऱ्या स्वाराचें बहुतेक बळ वारा कापण्यांत खर्च होतें. वेग दुप्पट झाला कीं वाऱ्याचा विरोध चौपट होतो. समूहानें धांवतांना पुढच्याच्या आडोशाला राहतां येतें. घड्याळाशीं एकट्यानें झुंजावयाच्या शर्यतींत तो आसरा नाहीं. म्हणून वाऱ्याला अंग कमी दाखविण्याची युक्ति ज्याला साधली, त्याला ताकद न वाढवितांहि वेग मिळाला. नियमांचें सारें भांडण या एका गोष्टींतून उत्पन्न झालें आहे.

शार्ल मोशे या फ्रेंच कारागिरानें ती युक्ति फार लवकर ओळखली. त्यानें अशी सायकल बनविली कीं, स्वारानें आरामखुर्चीवर रेलावें तसें मागें रेलून, पाय पुढें पसरून पायडल मारावें. 1933 सालीं फ्रान्सिस फॉर नांवाच्या दुय्यम प्रतीच्या स्वारानें तिच्यावर बसून तासांत 45.055 किलोमीटर अंतर तोडलें. एगचा एकोणीस वर्षांपूर्वींचा आकडा मागें पडला. पहिल्या श्रेणींतल्या वीरांना जें जमलें नव्हतें तें दुसऱ्या श्रेणींतल्या माणसानें करून दाखविलें, म्हणजे जय माणसाचा नव्हे, यंत्राचा, असा आक्षेप निघाला. 1934 सालीं संघानें सायकलची व्याख्याच बांधून टाकिली व रेलून चालविण्याचें वाहन तिच्या बाहेर राहिलें.

यानंतर कांहीं दशकें हा प्रश्न निजून राहिला. 1972 सालीं बेल्जमच्या एडी मेर्क्सनें मेक्सिको शहरीं 49.431 किलोमीटरांचा विक्रम केला. तें शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरांच्या जवळपास उंचीवर आहे व तेथील हवा विरळ आहे. म्हणजे वाऱ्याचा विरोध कमी करण्याचा मार्ग मेर्क्सलाहि हवाच होता. मात्र तो त्यानें सायकलींत न शोधतां भूगोलांत शोधला, आणि भूगोलावर कोणी बंदी घातली नाहीं. 1984 सालीं त्याच शहरीं इटलीच्या फ्रांचेस्को मोझेरनें आऱ्यांऐवजीं भरीव तबकडीसारखीं चाकें वापरून 51.151 किलोमीटरांपर्यंत मजल मारिली.

1989 सालच्या टूर द फ्रान्समध्यें तर सगळ्या जगानें ही जादू पाहिली. शेवटच्या दिवशीं व्हर्सायहून पॅरिसपर्यंत 24.5 किलोमीटरांची घड्याळाशीं शर्यत होती. अमेरिकेचा ग्रेग लमाँड पन्नास सेकंदांनीं मागें होता. त्यानें हँडलाला पुढें दोन दांडे लाविले, त्यांवर कोपरें टेकून अंग निमुळतें केलें, आणि लोराँ फिन्योंला त्या दिवशीं अठ्ठावन्न सेकंदांनीं मागें टाकिलें. सव्वातीन हजार किलोमीटरांहून लांब शर्यतीचा निकाल आठ सेकंदांनीं लागला. ते दांडे नियमांत बसले. पुढें तर ते सर्वत्र रूढ झाले.

यापुढचा भाग मात्र तितक्या सहजतेनें सांगतां येत नाहीं. ग्रॅम ऑब्री हा स्कॉटलंडमधील तरुण. त्याचें सायकलींचें दुकान बुडालेलें, डोक्यावर कर्ज. त्यानें आपली सायकल आपल्याच हातांनीं बनविली, आणि तिच्यांत कपडे धुण्याच्या यंत्राचें बेअरिंग बसविलें. हात दुमडून छातीखालीं घ्यावे आणि पुढें वांकून बसावें, अशी त्याची नवी बैठक होती. जुलै 1993 मध्यें नॉर्वेतील हामार येथें पहिल्या दिवशीं त्याचा प्रयत्न फसला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो पुन्हां पट्टीवर उतरला आणि 51.596 किलोमीटर अंतर कापून त्यानें मोझेरचा विक्रम मोडिला. सहाच दिवसांनीं इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमननें तो 52.270 किलोमीटरांवर नेला. एप्रिल 1994 मध्यें ऑब्रीनें 52.713 किलोमीटर करून तो परत घेतला.

पुढें ऑगस्ट 1994 मध्यें पालेर्मो येथें जागतिक स्पर्धा भरली. शर्यत अगदीं तोंडावर आली असतां, ही बैठक चालणार नाहीं, असा नियम ऑब्रीला सांगण्यांत आला. तो आपल्याच पद्धतीनें धांवला व बाद ठरला. त्यानें हार मानिली नाहीं. दोन्ही हात सरळ पुढें पसरण्याची दुसरी बैठक त्यानें शोधली आणि 1995 सालीं तो जगज्जेता झाला. सप्टेंबर 1996 मध्यें मँचेस्टर येथें बोर्डमननें तीच बैठक घेऊन 56.375 किलोमीटर अंतर गांठलें. त्यानंतर ती बैठकहि निषिद्ध झाली.

ऑक्टोबर 1996 मध्यें लुगानो येथें संघानें आपलें धोरण जाहीर केलें. यंत्रापेक्षां माणूस श्रेष्ठ. सायकल सर्वांना परवडली पाहिजे. धनवान राष्ट्रांच्या प्रयोगशाळांनीं निकाल ठरवितां कामा नयेत, हा त्याचा आशय. हेतु उदात्त होता, याविषयीं दुमत नसावें. पण या तत्त्वाचा घाव कोणावर पडला? ज्याच्यापाशीं प्रयोगशाळा नव्हती, पैसा नव्हता, होती ती फक्त कल्पना आणि घरांतल्या यंत्राचे सुटे भाग, त्याच्यावर! मोशेचीहि गत फारशी निराळी नव्हती. समतेच्या नांवानें केलेला नियम गरिबाच्या बुद्धीवरच आघात करूं शकतो, हें या इतिहासाचें दुखरें स्थान आहे.

2000 सालीं संघानें मोझेरपासून पुढचे सगळे विक्रम वेगळ्या यादींत टाकिले आणि मेर्क्सच्या काळच्या सायकलीलाच प्रमाण मानिलें. त्या वर्षीं 27 ऑक्टोबर रोजीं बोर्डमन तशा सायकलीवर बसला आणि त्यानें 49.441 किलोमीटर अंतर कापलें. मेर्क्सपेक्षां अवघे दहा मीटर जास्त! चार वर्षांपूर्वींचा त्याचाच आंकडा जवळजवळ सात किलोमीटरांनीं अधिक होता. एवढ्या मोठ्या फरकांत सायकलीचा व बैठकीचा वाटा किती मोठा असला पाहिजे, तें येथें दिसलें. गंमत अशी कीं, त्याच 2000 सालीं सायकलीचें किमान वजन 6.8 किलो ठरलें होतें, आणि मेर्क्सची मूळ सायकल सहा किलोंहूनहि हलकी होती. म्हणजे ज्या सायकलीला आदर्श मानिलें, तीच नव्या वजनाच्या नियमांत बसली नसती.

अखेर 2014 सालीं संघानें हा हट्ट सोडला व त्या वेळच्या लांब पल्ल्याच्या धांवपट्टीच्या शर्यतींत चालणारी सायकल विक्रमासहि मान्य केली. 2022 सालीं इटलीच्या फिलिप्पो गानानें 56.792 किलोमीटरांची मजल मारिली, तेव्हां बोर्डमनचा यादीबाहेर ठेवलेला आंकडाहि मागें पडला. 2023 पासून हँडलाचे दांडे किती पुढें असावेत, हें स्वाराच्या उंचीप्रमाणें ठरूं लागलें. उंच माणसाला ठेंगण्याचें माप लावणें हा अन्याय आहे, ही साधी गोष्ट मान्य व्हावयास इतकीं वर्षें लागलीं.

नियम नसावेत, असें माझें म्हणणें नाहीं. व्याख्या नसेल तर खेळ उरत नाहीं. उद्यां कोणी सायकलीला इंजिन लावील आणि तिलाहि सायकलच म्हणेल. परंतु रेषा ओढावयाची ती खेळ सुरू होण्यापूर्वीं, सर्वांना दिसेल अशी आणि सर्वांना सारखी. लमाँडचे दांडे स्वीकारले गेले आणि ऑब्रीची बैठक नाकारली गेली, यामागें भौतिकशास्त्राचा कोणताहि सिद्धान्त नव्हता. वारा दोघांनींहि सारखाच चुकविला होता. एकाला शर्यत पुरी करूं दिली, दुसऱ्याला ऐन वेळीं थांबविलें, एवढाच तो फरक. विक्रमांच्या वहींत आंकडे राहतात, हा फरक राहत नाहीं. म्हणून तो आपण लक्षांत ठेवावयाचा.