शाहीर भुकेचा जाब मागतो

साल 1944. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात गिरणीची पाळी उरकून आलेली माणसं दाटीवाटीनं बसली आहेत. कुणीतरी सरकून तुम्हाला जागा देतं. "बसा पाव्हणं, शाहीर अण्णाभाऊ साठ्यांचा बंगालवरचा पोवाडा आहे." डफावर थाप पडते, तुणतुणं बोलू लागतं, झीलकरी सूर ओढतात.

बंगालच्या दुष्काळाची खबर तुमच्या कानावर आहे. वादळ झालं, पीक बुडालं, माणसं मेली. दैवाचा फेरा, दुसरं काय?

पोवाडा संपल्यावरही कुणी उठत नाही. एकाच्या हातात कम्युनिस्ट पक्षाच्या 'पीपल्स वॉर'चा अंक आहे, त्यात छायाचित्रकार सुनील जानांनी टिपलेली उपाशी माणसं. तो म्हणतो, "बेचाळीसच्या वादळानं मेदिनीपूर झोडपलं, हे खरंच. पण जपानी येतील म्हणून सरकारनं किनाऱ्यावरचा तांदूळ आधीच उचलला, होड्या जप्त केल्या. कोळ्यांनी पोट कशावर भरायचं?" दुसरा सांगतो, "लढाईपायी भाव भडकले, साठेबाजांनी माल दाबला. शेतमजुराची मजुरी तेवढी वाढली नाही." तिसरा म्हणतो, "अन् दुष्काळ जाहीरच केला नाही. केला असता तर मदत द्यावी लागली असती!"

शेजाऱ्याचा हात खिशातल्या रेशनकार्डाकडे जातो. मुंबईत रेशनिंग 1943 मध्येच आलं. कलकत्त्यात ते यायला 1944 चा जानेवारी सरत आला. तोवर खेड्यांतून आलेली माणसं दारोदार भाताची पेज मागत मेली. बळींचा आकडा पुढे अभ्यासक 30 लाखांच्या आसपास धरतील.

झोळी फिरते. पगार तुटपुंजा असूनही माणसं पैसे टाकतात, पण नुसतं हळहळून घरी जात नाहीत. धान्य कुणी अडवलं, हे विचारत जातात. शाहिरीची ताकद ही आहे: ती दूरच्या माणसाची भूक आपल्या दारात आणते आणि दैवाच्या नावावर खपवलेला अन्याय माणसांच्या हिशेबात मांडते.

आता तुमच्या काळात या. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं सवलतीचं धान्य हा कोट्यवधींचा हक्क झाला आहे, तरी कुपोषणाच्या बातम्या येतच राहतात. तुम्ही लिहीत असाल, गात असाल, कॅमेरा धरत असाल, तर पोराच्या खपाटीला गेलेल्या पोटाशी थांबू नका. गोदामापासून त्याच्या ताटापर्यंतची वाट दाखवा. ती कुठे तुटली, कुणाच्या सहीनं तुटली, तेही सांगा. ऐकणाऱ्याला दया येईलच. त्याला जाब विचारता आला पाहिजे.