खुराडे, दडबा आणि अंड्यांचा पैसा

"घरामागे थोडी जागा आहे, चार कोंबड्या पाळाव्यात म्हणतो. सुरुवात कशी करायची?" हा प्रश्न हल्ली कोल्हापूर शहरातही ऐकू येतो. विचारणारा बहुतेक वेळा पुरुष असतो. त्याच्याच घरातल्या आजीला, दादीला किंवा नानीला याचे उत्तर ठाऊक असते, पण तिला कोणी विचारत नाही. कुक्कुटपालनाचा जो इतिहास आपण वाचतो, त्यातही ती नसते. तिथे सरकारी फार्म असतात, परदेशी जाती असतात, उद्योजक आणि कोटींचे आकडे असतात. परसातली कोंबडी म्हणजे या सगळ्याआधीची एक मागासलेली पायरी, असे धरून चालले जाते.

मला हे पटत नाही. परसातली कोंबडी हा बायकांच्या हातातला एक पूर्ण व्यवहार होता. त्यात ज्ञान होते, भांडवल होते आणि हिशेबही होता. नव्याने सुरुवात करणाऱ्याने हा व्यवहार आधी समजून घेतला, तर त्याचे बरेच नुकसान टळेल.

कागदपत्रे नसतील तिथे शब्द साक्ष देतात. फारसीत 'मुर्ग' म्हणजे मुळात पक्षी. मुर्गाबी म्हणजे पाणपक्षी, शुतुरमुर्ग म्हणजे उंटपक्षी. मराठीतल्या 'शहामृग'मधला मृग हा हरीण नव्हे, तो हाच मुर्ग. झुंजीचा 'असील' कोंबडा अरबी 'अस्ल'मधून आला, आपला 'अस्सल' शब्दही तिथलाच. हे झाले दरबारी शब्द. घरातले शब्द वेगळे आहेत. अंडी देणे थांबवून उबवायला बसू पाहणाऱ्या कोंबडीला उर्दूत 'कुडक' म्हणतात आणि मराठीत 'खुडूक'. दोन्ही शब्द तिच्या आवाजावरून आले आहेत आणि कोणत्या भाषेने कोणाकडून घेतले, हे सांगायची गरजही वाटू नये इतके ते जवळचे आहेत. आमच्याकडे जो दडबा, तेच शेजारच्या घरी खुराडे. पिल्ले झाकायचे बांबूचे डालगे मात्र दोन्ही घरांत डालगेच. अंड्यावर येऊ घातलेली तरुण कोंबडी ती तलंग. दोन भाषांच्या बायका एकाच गल्लीत, एकाच कामात होत्या, याचा यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा?

आता थोडे मागे जाऊ. कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे दक्षिण आणि आग्नेय आशियातला तांबडा रानकोंबडा. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीशीर हाडे थायलंडमधल्या बान नोन वाट इथली, इ.स.पू. १६५० ते १२५० या काळातली आहेत. कोरडवाहू भात आणि भरड धान्याच्या शेतीमुळे रानकोंबडे माणसांच्या वस्तीजवळ आले, असे या संशोधकांचे म्हणणे आहे. म्हणजे माणसाने कोंबडीला रानातून धरून आणले असे म्हणण्यापेक्षा, सांडलेल्या दाण्यांमागे ती आपणहून अंगणात आली असे म्हणणे योग्य. या कथेत आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे. राधानगरीच्या जंगलात जो करडा रानकोंबडा दिसतो, त्याच्याच जातीकडून आजच्या अनेक कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचे जनुक आले, हे २००८ साली सिद्ध झाले.

अंगणात आलेल्या या पक्ष्याला सगळ्याच अंगणांत जागा मिळाली नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गावकोंबडा वर्ज्य पदार्थांच्या यादीत आहे, लसूण आणि कांद्याच्या शेजारी. कारण उघड आहे. गावातली कोंबडी उकिरडा उकरते. त्यामुळे कोंबडी पाळणे हे बराच काळ दलित, मुस्लिम, कष्टकरी आणि शेतकरी घरांचे काम राहिले.

उकिरड्याचा प्रश्न इस्लामी परंपरेलाही पडला होता, पण तिथे उत्तर वेगळे निघाले. सहीह बुखारीत हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांचा प्रसंग आहे. जेवणात कोंबडी होती. एक माणूस मागे सरला, कारण त्याने कोंबडीला घाण खाताना पाहिले होते. प्रेषितांना (स.) मी कोंबडी खाताना पाहिले आहे, असे सांगून अबू मूसांनी त्याला जवळ बोलावले. घाण खाणाऱ्या जनावराला फिकहमध्ये 'जल्लाला' म्हणतात. हजरत इब्न उमर (रजि.) अशी कोंबडी कापण्याआधी तीन दिवस बांधून ठेवत, असे नोंदलेले आहे. आमच्या घरांतल्या जुन्या बायका हेच करत. कोंबडी तीन दिवस डालग्याखाली ठेवायची, स्वच्छ दाणा आणि पाणी द्यायचे, मगच सुरीखाली न्यायची. पक्षी अस्पृश्य ठरवण्याऐवजी त्याचे खाणे सुधारायचे, हा तो तोडगा. अंड्यासाठी पाळणाऱ्यालाही तो आजच्या दिवशी लागू आहे. कोंबडी जे खाते तेच अंड्यात उतरते. परसात सांडपाणी, प्लास्टिक, कीटकनाशकाचे डबे असतील तर ते अंडे 'गावरान' म्हणून चौपट दराने विकण्याचा आपल्याला हक्क नाही.

आता त्या बायकांच्या हिशेबाकडे येऊ. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी देते. वीस-बावीस दिवस अंडी, मग ती खुडूक बसते. हिशेब करणाऱ्या बाईला यात तोटा दिसत नसे, कारण खुडूक बसणारी कोंबडी म्हणजे तिचे फुकटचे उबवणी यंत्र होते. काही अंडी घरातल्या पोरांना, काही दुकानात देऊन त्याबदल्यात मीठ-तेल, आणि नऊ-अकरा अंडी रवणीला. एकविसाव्या दिवशी पिल्ले. एखाद्या गरीब शेजारणीला तलंग अर्ध्या वाट्यावर द्यायची, पिल्ले निम्मी-निम्मी. ज्या घरात बाईच्या हातात दुसरा रुपया येत नसे, तिथे हा रुपया येई. सूरह निसा सांगते की पुरुषांनी कमावलेल्यात त्यांचा वाटा आहे आणि स्त्रियांनी कमावलेल्यात त्यांचा. निकाहनाम्यातल्या मेहरबद्दल आपण भरपूर बोलतो. अंड्यांच्या पैशाबद्दल कधी बोललो नाही, आणि तो मात्र दर आठवड्याला रोख मिळत होता.

हे चित्र बदलले ते गेल्या शतकात. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात केंद्र सरकारने प्रादेशिक कुक्कुट केंद्रे काढली, त्यातले एक मुंबईच्या आरे वसाहतीत. व्हाइट लेगहॉर्न आली, जिचे नाव इटलीतल्या लिव्होर्नो बंदरावरून पडले. अमेरिकेतून ऱ्होड आयलंड रेड आली. महाराष्ट्राच्या पशुसंवर्धन विभागाच्या चार मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांपैकी एक आपल्या कोल्हापुरात आहे. १९७१ साली बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. १९८२ साली त्यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि अंड्याचा दर व्यापाऱ्याऐवजी उत्पादक ठरवू लागला. हे काम मोठे होते, ते नाकारायचे कारण नाही. अंडे गरिबाच्या ताटात स्वस्तात पोचले ते यामुळेच. पिंजऱ्यातली कोंबडी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते. पण तिची खुडूक बसण्याची वृत्तीच निवडीतून काढून टाकली आहे. ती स्वतःची पिल्ले काढत नाही. पिल्लू, खाद्य, औषध आणि दर या चारही गोष्टी परसाबाहेर गेल्या, आणि त्यांच्याबरोबर बाईच्या डब्यातला पैसाही.

परसातल्या कोंबडीची मोठी उणीवही इथेच सांगायला हवी. ती म्हणजे रोग. १९२६-२७ च्या सुमारास जावा बेट आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे एक नवा रोग नोंदला गेला. लगेच तो कुमाऊंमधल्या राणीखेतला सापडला आणि आपल्याकडे त्याचे नाव तेच पडले. मराठीत त्याला मानमोडी म्हणतात. मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे. दादीच्या सगळ्या ज्ञानात यावर उपाय नव्हता. तो प्रयोगशाळेने दिला. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लस. अडचण एवढीच की लसीची कुपी शंभर-दोनशे मात्रांची येते आणि आपल्याकडे कोंबड्या चार. म्हणून गल्लीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लस द्यावी. पूर्वी अर्ध्या वाट्याने तलंग देणाऱ्या बायकांना असा मेळ घालणे अवघड गेले नसते.

दुसरी घटना १८ फेब्रुवारी २००६ ची. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. मोठ्या फार्मांबरोबर आसपासच्या घरांतल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात तो पुन्हा आला. रोग आवरायला ते आवश्यकच होते. पण फार्मवाल्यांचे म्हणणे मांडायला संघटना होती, चार कोंबड्यांच्या मालकिणीला कोणी नव्हते. एकाच वेळी अनेक पक्षी मेले तर लपवू नये, हाताळू नये, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

एवढे होऊनही परस रिकामे झाले नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटी १८ लाख कोंबड्या-बदके होती. त्यातली सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातली. २०१२ च्या तुलनेत व्यावसायिक फार्ममधली संख्या साडेचार टक्क्यांनी वाढली, परसातली सुमारे ४६ टक्क्यांनी. हा इतिहास संपलेला नाही, असे हे आकडे सांगतात. त्याच २०१९ साली आपल्या शेजारच्या इस्लामपुरातून कडकनाथचा घोटाळा बाहेर आला. पैसे भरा, पक्षी आणि खाद्य आम्ही देऊ, अंडी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ, अशी ती योजना. सांगली, कोल्हापूर, साताऱ्यातले किती तरी शेतकरी त्यात बुडाले. कडकनाथ पक्षी खरा आहे, झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. खोटे होते ते वचन. परसातल्या व्यवहाराचा पहिला नियमच त्यात मोडला होता: पक्षी, पिल्लू आणि गिऱ्हाईक हे तिन्ही आपल्या हातात हवेत.

म्हणून सुरुवात करणाऱ्याला मी सांगेन ते एवढेच. पिल्ले आणू नका, लस दिलेल्या चार-पाच तलंगा आणा. अंडी जास्त हवी असतील तर गिरिराजा किंवा वनराजासारख्या सुधारित जाती आहेत, पिल्लेही काढायची असतील तर गावरानच घ्या. नुसत्या अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, कोंबडी त्याच्याशिवायही अंडी देते. दाटीच्या वस्तीत शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार करून कोंबडा न ठेवलेलाच बरा. बांग ऐकली की अल्लाहकडे कृपा मागावी, असे हदीस सांगते, पण शेजाऱ्याचा हक्कही हदीसच सांगते. खुराडे जमिनीपासून उंच, हवेशीर, मांजर आणि मुंगूस शिरणार नाही असे जाळीचे. पंचगंगेच्या काठच्यांनी २०१९ आणि २०२१ चा पूर आठवून उंची ठरवावी. रोज प्रत्येकी शंभर-सव्वाशे ग्रॅम दाणा, शिंपल्यांचा चुरा आणि अंघोळीसाठी राख-माती. खुडूक कोंबडीच्या नाकात पीस खुपसण्याची क्रूर पद्धत सोडा, तिला काही दिवस हवेशीर पिंजऱ्यात ठेवले तरी ती उठते. श्रावणात-रमजानात खप बदलतो, तोही धरून चाला.

आणखी एक गोष्ट, शिक्षक म्हणून. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले, न खाणाऱ्यांना केळे. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी बंद झाला. ज्यांना दूध चालते त्यांना निर्बीज अंडे चालायला हरकत नसावी, असे गांधीजींनीही लिहिले होते. हा वाद धर्माचा म्हणून रंगवला जातो, पण वर्गात समोर बसलेल्या मुलाला तो भुकेचाच असतो. शासन देईल तेव्हा देवो, घरातल्या चार कोंबड्या मुलाला आठवड्याला दोन-तीन अंडी नक्की देतील.

उरलेली विकाल तर पैसे कोणाच्या डब्यात जातील, हे पहिल्याच दिवशी ठरवा. खुराडे झाडणार कोण, पाणी बदलणार कोण, संध्याकाळी कोंबड्या मोजून दार लावणार कोण? ती बाई असेल, आणि बहुधा तीच असेल, तर अंड्यांचा पैसा तिचा आहे. तो तिच्याकडे मागू नका.