अतिपाणी (कुंडीतील सक्युलंट)

अतिपाणी : पाने, खोड किंवा मुळे यांत पाणी साठवणाऱ्या मांसल वनस्पती, म्हणजेच सक्युलंट, कुंडीतली माती फार दिवस ओली राहिल्याने कुजू लागतात. या बाधेला बागकामाच्या बोलीत ‘पाणी जास्त झालं’ म्हणतात. शब्द सोयीचा आहे, पण फसवाही आहे. तो पाणी घालणाऱ्या हाताला दोष देतो, आणि दोष बहुधा कुंडीत व मातीत असतो. एका वेळी किती पाणी घातले यापेक्षा ते मुळांभोवती किती दिवस साचून राहिले यावर रोपाचे जगणे ठरते. हे एकदा मान्य केले की निदानाची रीतही बदलते आणि उपायही.

मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतल्या हवेतून त्यांना ऑक्सिजन मिळतो. या पोकळ्या पाण्याने भरल्या की तो जवळजवळ अडतोच, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून ऑक्सिजन सुमारे १०,००० पट संथपणे पसरतो. जास्वंद किंवा तुळस दिवसभर बाष्पोत्सर्जन करून कुंडीतले पाणी एकदोन दिवसांत उपसून टाकते. बहुतेक सक्युलंटना ते जमत नाही. त्यांची पर्णरंध्रे दिवसा मिटलेली असतात. रात्री ती उघडतात, तेव्हा आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी उन्हात वापरला जातो. पानफुटी ज्या क्रॅसुलेसी कुलातली, त्या कुलावरून या रीतीला ‘क्रॅसुलेसी आम्ल चयापचय’ असे नाव पडले. वाळवंटात जगवणारी ही काटकसर कुंडीत उलटते : पिणारा संथ, त्यामुळे भांडे भरलेलेच राहते. गुदमरलेली मुळे मरू लागतात आणि पिथियम, फायटॉप्थोरा यांसारख्या रोगजनकांचे फावते. यांचे चलबीजाणू पाण्यातून पोहत जातात, म्हणजे साचलेले पाणी त्यांची वाटच होते.

निदानात पानांवर फार भिस्त ठेवू नये. ओलीने बाधलेली पाने बहुधा खालून पिवळट, पारदर्शक व पिलपिलीत होतात आणि बोट लागताच गळतात. तहानलेली पाने सुरकुततात, पातळ होतात, टोकांकडून कोरडी पडतात. इथवर फरक सोपा आहे. पण मुळे कुजली की पाणी शोषणारेच कोणी उरत नाही. माती ओली असूनही पाने तहानलेल्यासारखी सुरकुततात. मालक कळवळून आणखी पाणी घालतो आणि रोप जाते. घरोघरची बरीच सक्युलंट अशी मायेनेच मरतात. म्हणून सुरकुतलेले पान दिसले की आधी मातीची परीक्षा करावी. अगरबत्तीची उरलेली काडी कुंडीत तळापर्यंत खुपसून काही मिनिटांनी काढावी. ती दमट निघाली किंवा तिला माती चिकटली, तर तहानेचा प्रश्नच नाही. पाणी घातल्यावर आणि पूर्ण वाळल्यावर कुंडी उचलून पाहिली तर वजनातला फरक हातालाही कळू लागतो. तरी शंका राहिली तर रोप उपटून पाहावे. निरोगी मूळ घट्ट असते. कुजलेले काळपट व मऊ असते, ओढल्यावर त्याची साल निसटते आणि आतला दोरा तेवढा हाती राहतो.

यावर एक आक्षेप येतो : रानातल्या मांसल वनस्पतींवर धो धो पाऊस पडतो, त्या कुठे कुजतात? आक्षेप खराच आहे, आणि तोच या नोंदीच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा आहे. शिवनेरीच्या कड्यांवर वाढणारी शिंदळ माकुडी सह्याद्रीतच सापडते. ती मांसल आहे, आणि पावसाळ्यातच तिला पाने येतात व ती फुलते. मात्र तिची मुळे खडकाच्या कपारीतल्या चिमूटभर मातीत असतात. तिथे पाणी येते तसे वाहूनही जाते. कुंडीत नेमके हे वाहून जाणेच नसते.

‘मग थोडे थोडे पाणी घालावे’ असा सल्लाही मिळतो. चमच्याने घातलेल्या पाण्याने वरचा थर कायम दमट राहतो आणि खोलवरची मुळे कोरडी पडतात, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. भोकातून निथळेपर्यंत भरपूर पाणी घालून मग माती पूर्ण वाळू देणे केव्हाही बरे. आणखी एक समज तळाशी खडी घालण्याचा. बारीक मातीतले पाणी खालच्या जाड खडीत सहजी उतरत नाही. ते सीमेवरच अडते आणि ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. कुंडीच्या उंचीचेही असेच आहे. भिजलेला स्पंज आडवा धरून निथळू द्यावा आणि मग उभा करावा : आणखी पाणी गळते. याचाच अर्थ, माती तीच असेल तर उथळ कुंडीचा जास्त मोठा भाग ओला राहतो. चहाच्या कपात किंवा काचेच्या बरणीत लावलेली भेटवस्तूछाप सक्युलंट टिकत नाहीत, यात नवल नाही.

म्हणून प्रतिबंध मातीपासून सुरू होतो. नर्सरीतले रोप बहुधा कोकोपीटमध्ये किंवा चिकट लाल मातीच्या गोळ्यात येते. तो गोळा हलकेच सोडवून जाड वाळू, विटांचा चुरा, परलाइट यांचे प्रमाण निम्म्याहून अधिक असलेल्या मिश्रणात रोप लावावे. कुंडी भोकाची, शक्यतो बिनचकाकीच्या भाजक्या मातीची आणि मुळांच्या पसाऱ्यापेक्षा थोडीच मोठी असावी. ‘दर रविवारी पाणी’ असले वेळापत्रक नको. मे महिन्यातल्या गच्चीवर आठवडा फार असतो, कोकणातल्या जुलैत तो फारच थोडा. पावसाळ्यात कुंड्या आडोशाला, पण उजेडात आणि वाऱ्यात ठेवाव्यात. थंडीत पाने गाळून सुस्तावलेल्या अडेनियमचे पाणी जवळजवळ बंद करावे. लिथॉप्सची नवी पाने जुन्यांतले पाणी शोषून वाढत असतात, त्या काळात त्याला पाणी घालूच नये.

कूज सुरू झालीच, तर मुळे स्वच्छ करून काळा भाग निर्जंतुक सुरीने कापावा, काप पूर्ण निरोगी दिसेपर्यंत कापत राहावे, आणि जखम काही दिवस सावलीत सुकवूनच रोप कोरड्या मिश्रणात लावावे. जखमेवर हळद लावायला हरकत नाही, पण माती तीच राहिली तर हळदीचा उपयोग नाही. बुंधा गेलेल्या एचेव्हेरियाचे एखादे धड पान मातीवर ठेवले तरी नवे रोप देते. कॅक्टसला ही सोय नाही. त्याचा निरोगी शेंडाच कापून रुजवावा लागतो.