मोहिमेचं कूळ

आदिलाबादेत हेलिकॉप्टर दिसतं ते निवडणुकीत. मैदानात चुन्याचा गोल आखला जातो, धुळीचा लोट उठतो, नेता उतरतो. लढाऊ हेलिकॉप्टर मात्र इथल्या पोरांना भेटतं ते संगणकाच्या पडद्यावरच. खऱ्या अपाचेचं धड हैदराबादजवळ आदिबाटल्याला टाटा-बोईंगच्या कारखान्यात तयार होतं, तिथून पहिलं धड २०१८च्या जूनमध्ये बाहेर पडलं. पण अख्खं हेलिकॉप्टर जोडलं जातं अमेरिकेत. आपल्या वाट्याला सिम्युलेटर. एकट्याने खेळायला बसलं की तो विचारतो, सुटं उड्डाण करणार की 'कँपेन'? कँपेन म्हणजे मोहीम. खेळात हा शब्द आला कुठून हे शोधायला गेलं तर वाट दसऱ्यावरून जाते.

'मोहीम' अरबी 'मुहिम्म'वरून आला. मूळ अर्थ एवढाच, महत्त्वाचं काम. फारसी दरबारांतून मराठीत येता येता तो फौजेच्या स्वारीला चिकटला. या स्वारीला ऋतू होता. पावसाळाभर नद्या फुगलेल्या, तोफांचे गाडे चिखलात रुतणार, म्हणून फौजा छावणीला. पाणी ओसरलं की दसऱ्याला सीमोल्लंघन. इंग्रजी शब्दाचं कूळही असंच. लॅटिन 'काम्पुस' म्हणजे मोकळं रान. हिवाळा छावणीत काढून फौज रानात उतरली की कँपेन सुरू. तिकडे बर्फ, इकडे पूर.

भर पावसाळ्यात लढाई जुंपली तर काय होतं, ते गोदावरीने एकदा दाखवलं आहे. १० ऑगस्ट १७६३, राक्षसभुवन. निजाम अली नदी उतरून गेला होता, मागे दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडच्या काठावर राहिला, आणि मधे पूर. माधवराव पेशव्यांनी अलीकडची फौज मोडली, विठ्ठल सुंदर मारला गेला, आणि निजामाला पलीकडून नुसतं पाहावं लागलं. तीच गोदावरी पुढे आमच्या जुन्या जिल्ह्याची दक्षिण सीमा होते. जुन्या म्हणायचं, कारण ११ ऑक्टोबर २०१६ला त्याचे चार जिल्हे झाले. मुहूर्त अर्थातच दसऱ्याचा! इथे त्या दिवशी मराठी घरांत आपट्याची पानं सोनं म्हणून वाटतात, तेलुगू घरांत जम्मीची, म्हणजे शमीची. शिवाय तेलुगू मंडळी पालपिट्ट दिसावा म्हणून रानात जातात. पालपिट्ट म्हणजे आपला नीलपंख. हवेत त्याच्याइतक्या गिरक्या घेणारं पाखरू विरळाच.

आता खेळाकडे. प्रशियाच्या सैन्यात १८२४च्या सुमारास राइसविट्झने नकाशावरचा युद्धखेळ रुजवला, तोही अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी. पुढे हौशी लोक शिशाचे शिपाई मांडून खेळू लागले, आणि आजच्या लढाईतली हानी उद्याच्या डावात धरायची, या मालिकेला त्यांनी कँपेन म्हटलं. १९७४च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या उपशीर्षकातच हा शब्द आहे. हेलिकॉप्टरपर्यंत ही कल्पना यायला १९८६ उजाडलं. मायक्रोप्रोजच्या 'गनशिप'मध्ये वैमानिकाचं नाव, हुद्दा आणि पदकं एका उड्डाणातून पुढच्या उड्डाणात टिकू लागली. युद्ध मात्र टिकत नव्हतं. टिकत होता तो माणूस.

इथून घराणं फुटलं. एक शाखा गोष्ट सांगणाऱ्यांची. १९९६च्या 'लाँगबो'मधल्या उड्डाणांचा क्रम आधीच लिहिलेला होता. २००८च्या 'ब्लॅक शार्क'मध्ये रशियन केए-५० घेऊन कॉकेशसमध्ये उडायचं. तिथे कँपेनचे टप्पे आणि गुण. पन्नासच्या वर गुण पडले तर पुढचा टप्पा, खाली पडले तर मागचा, नेमके पन्नास तर तिथेच. ही तर आपली सापशिडी! मौज आहे, कॉकपिटमधला खटका न् खटका खरा आहे. पण तुम्ही चहाला उठलात तर शत्रूही थांबतो.

दुसरी शाखा १९९७च्या 'लाँगबो २'ची आणि त्यानंतरच्या रेझरवर्क्सच्या दोन खेळांची: 'अपाचे-हॅवोक' (१९९८) आणि 'कोमांचे-होकम' (२०००). यांत लिहिलेली गोष्टच नाही. 'कोमांचे-होकम'मध्ये लेबनॉन, तैवान किंवा येमेनच्या नकाशावर दोन्ही बाजूंचे रणगाडे, तोफा, हेलिकॉप्टरं आपापल्या कामाला लागलेली असतात. फळ्यावर कामं लागतात, त्यातलं एक तुम्ही उचलायचं. नाही उचललं तरी लढाई चालूच. काल तुम्ही जो पूल सोडून आलात, त्यावरून आज रणगाडे येतात. मागे जे सोडाल ते नडतं: निजामाला नदीने जे शिकवलं, तेच.

नाट्य गोष्टवाल्यांकडे जास्त, हे मान्य. दुसऱ्या शाखेत तास-तासभर काहीच घडत नाही, आणि एकसारखी कामं पुन्हापुन्हा येतात. तरीही माझ्या लेखी मोहीम हे नाव हिलाच शोभतं. वेचणीला आलेला कापूस शेतकऱ्याला सवड होईपर्यंत थांबत नाही. आमच्याकडच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. पहिल्या शाखेला कथामाला म्हणा, भागांची मालिका म्हणा, काहीही म्हणा.

नवखे असाल तर सापशिडीवर हात बसवून घ्या. मग 'कोमांचे-होकम' मिळवा. चित्रं जुनाट वाटतील, तेवढं सोसा.